कोळंबखेड्याच्या शाळेचे खाडे

सोमवारी सकाळी कोळंबखेड्याची शाळा शाळेत आली नाही.

बाकी सगळं आलं होतं. पोरं आली होती. झेंड्याचा खांब जागेवर होता, हातपंप होता, फाटक होतं. फाटकाच्या आत, जिथं शनिवारी दुपारी तीन खोल्या आणि एक ओटा सोडून तुपेबाई घरी गेल्या होत्या, तिथं ओलसर मातीचा लांबट चौकोन उरला होता. त्यात खडूचे तुकडे पडले होते, कंपासपेटीचं एक झाकण होतं आणि कुणाचा तरी दुधाचा दात.

"फिरायला गेली असेल," बागूल सर म्हणाले. बागूल सर पहिली-दुसरीला शिकवायचे आणि कशानेच हबकायचे नाहीत.

उज्ज्वला तुपे मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि उघडायला काही नव्हतं. तो जुडगा त्या या हातातून त्या हातात घेत राहिल्या. बाईंना स्वस्थ बसलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. त्या शिकवायच्या येरझारा घालत, डबा खायच्या उभ्यानं, आणि कुणी खुर्ची पुढं केलीच तर तिच्या पाठीवर हात ठेवून बोलायच्या. त्या सकाळी त्यांनी त्या चौकोनाभोवती इतक्या फेऱ्या घातल्या की दुसरीतली पोरं प्रदक्षिणा समजून मागं लागली.

परिपाठ झाला. मग पोरं चिंचेखाली बसली. स्वयंपाकघर शाळेला लागूनच होतं, त्यामुळे तेही गेलं होतं. खिचडी शिजवणाऱ्या सिंधूताईंनी तीन दगड मांडून चूल केली आणि घरून पातेलं आणलं. एवढं मार्गी लागल्यावर बाईंनी विस्तार अधिकारी दहातोंडे साहेबांना फोन लावला.

"साहेब, शाळा आली नाही."

"कोण आलं नाही?"

"शाळा."

"अर्ज दिलाय?"

"नाही."

"तोंडी काही सांगून गेली का?"

"शनिवारी कुलूप लावलं तेव्हा गप्पच होती."

"मग विनापरवानगी धरा," दहातोंडे म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि बभ्रा करू नका, मॅडम. ओढ्यापलीकडच्या दोन शाळा गेल्या आठवड्यात उशिरा आल्यात. हे लोण असतं."

बुधवारी तिसरा तास चालू असताना शाळा फाटकातून आत आली. पायाला चिखल लागला होता, कौलांत गवताच्या काड्या अडकल्या होत्या, दाराचं कुलूप होतं तसं होतं. ती खाली मान घालून आपल्या जागेवर बसली, पण थोडी तिरकी बसली, त्यामुळे चौथीच्या खिडकीतून दिसणारा डोंगर त्या दिवसापासून पाचवीच्या खिडकीतून दिसू लागला.

बाई तरातरा ओट्यापाशी गेल्या.

"कुठं होतीस?"

शाळेच्या कौलांतून गवताची एक काडी खाली पडली.

"मी तुला विचारतेय. दोन दिवस पोरं उघड्यावर बसली. काय कारण?"

"पोटात दुखत होतं," शाळा हळूच म्हणाली. आवाज मधल्या खोलीतून आला.

सगळी पोरं हसली. हे कारण त्यांच्या ओळखीचं होतं. बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी कुलूप उघडलं, वर्ग भरवले, आणि दिवसभर भिंतींकडे रोखून बघत फिरत राहिल्या. गुरुवारी शाळा वेळेवर आली. शुक्रवारी पुन्हा आली नाही.

पुढच्या आठवड्यात दहातोंडे साहेब मोटारसायकलवरून आले. नशिबानं त्या दिवशी शाळा हजर होती. साहेबांनी हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि तिच्यासमोर उभं राहून नियम समजावून सांगितला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या अखत्यारीत बऱ्याच शाळा होत्या आणि सगळ्या जागच्या जागी असाव्यात एवढीच त्यांची नोकरी होती.

"हे बघ," ते शाळेला म्हणाले, "महिनाभर अशीच अनियमित राहिलीस तर तुझं नाव कमी करावं लागेल. मग ही पोरं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जातील. तुझं तू बघ."

ओट्यावरचं एक कौल घसरून खाली पडलं.

बाईंना मात्र तो रस्ता माहीत होता. हमरस्त्यावरून रात्रंदिवस कांद्याचे ट्रक धावायचे. गावातली पोरं कशीबशी पोचली असती. पण ओढ्याकाठच्या मजुरांच्या वस्तीतलं एकही पोर तो रस्ता ओलांडून शिकायला गेलं नसतं. तसंही त्यांतली अर्धी येत नव्हतीच. पाचवीतली दीक्षा साबळे तर दिवाळीनंतर दिसलीच नव्हती. रोज हजेरीत तिचं नाव आलं की बाई थांबायच्या, पुन्हा एकदा नाव घ्यायच्या आणि पुढं जायच्या.

"साहेब, तिला काहीतरी होत असेल," बाई म्हणाल्या.

"होत असेल तर सांगावं तिनं. नाहीतर बांधून ठेवा." साहेबांनी हेल्मेट घातलं. "शिस्त लागते त्यानं."

संध्याकाळी गावातून ट्रॅक्टरची साखळी आली. हातपंपाला बांधावं तर पाण्याचे हाल, म्हणून चिंचेच्या बुंध्याला बांधायचं ठरलं. साखळीचं दुसरं टोक शाळेच्या कोपऱ्याला, म्हणजे दुसरीच्या खोलीला, गुंडाळलं. बागूल सर लांब उभे होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "बाई, हे काही बरं दिसत नाही." बाईंनाही बरं दिसत नव्हतं. पण त्यांना त्या मोठ्या शाळेचा रस्ता डोळ्यांपुढं दिसत होता. कुलूप त्यांनी स्वतःच्या हातानं लावलं.

सकाळी शाळा गेलेली होती. दुसरीची खोली तेवढी मागं राहिली होती.

ती साखळीत अडकून चिंचेशेजारी एकटीच बसली होती. एका बाजूला भिंत नव्हती, तिथून आतली फळ्यावरची कविता उघड्यावर आली होती. खोली हुंदके देत होती. दुसरीची पोरं तिच्याजवळ जायला बिचकत होती, आणि न जाताही त्यांना राहवत नव्हतं. बागूल सर आत जाऊन बसले आणि त्यांनी कोल्ह्याची गोष्ट सुरू केली. गोष्टीत कोल्हा विहिरीपाशी पोचला तेव्हा खोलीचे हुंदके कमी झाले. पण साखळी काढली तरी ती जागची हलेना.

"आता तिला साहेबांचं नका सांगू," सर बाईंना म्हणाले. "जाऊन विचारा तिला. एखाद्या पोराच्या घरी जातो ना आपण, तसं."

"कुणाच्या घरी? शाळेचं घर कुठलं?"

"ते तिच्या मागं गेल्यावर कळेल."

बाईंनी पर्स खांद्याला लावली आणि निघाल्या. वाट अवघड नव्हती. शाळा गेली होती तिथलं गवत रुंद पट्ट्यात दबलेलं होतं. बाभळीच्या काट्यांना पाढ्यांचा तक्ता लटकत होता. बांधावर एक डस्टर सापडलं. बाई अर्धं चालत, अर्धं पळत होत्या. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं, पण कुणी विचारलं नाही. एका शेतकऱ्यानं उलट लांबूनच हात केला आणि म्हणाला, "खाली ओढ्याकडं गेली, बाई. माझ्या गव्हाला वळसा घालून गेली हो, पोर गुणाची आहे."

ओढ्याकाठी कांद्याची लागण चालू होती. वाफ्यांत पाणी सोडलेलं होतं, बाया वाकून रोपं लावत मागं मागं सरकत होत्या. उत्तरेचं बोचरं वारं सुटलं होतं. शेताच्या कडेला, वाऱ्याकडं पाठ करून, कोळंबखेड्याची शाळा बसली होती. तिनं कौलं जरा पुढं ओढून घेतली होती. ओट्यावर, आडोशाला, एका गोधडीत दोनेक वर्षांचं पोर झोपलं होतं.

त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

"इथं काय करतेस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हळू बोला," शाळा म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

"कुणाचा आहे?"

"दीक्षाचा भाऊ. विकी."

बाईंनी वाफ्यांकडे पाहिलं. बायांच्या ओळीत टोकाला एक पोरगी होती. शाळेचा निळा फ्रॉक कमरेला खोचून, चिखलात पाय रोवून ती मोठ्या बायांच्या बरोबरीनं रोपं लावत होती. हात भराभर चालत होते.

"ती येत नव्हती म्हणून एकदा बघायला आले," शाळा म्हणाली. "हा बांधावर रडत होता. वारं लागत होतं त्याला. मी नुसती आडोशाला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळ झाली तर चैन पडेना."

"आणि पोट दुखत होतं ते?"

"ते खरंच दुखतं, बाई. तुम्ही हजेरी घेता. एकेक जण हजर म्हणतं. मग दीक्षाच्या नावाशी थांबता आणि पुढं जाता. तुम्ही पुढं जाता, पण ती जागा माझ्यातच राहते. तिथं दुखतं."

बाईंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग परत पहिल्या.

तोवर दीक्षाची आई, शोभाबाई, हात धूत बांधावर आली. बाईंना पाहून तिनं पदर सारखा केला. "बाई, रागवू नका पोरीवर. तिची काही चूक नाही."

"मी रागवायला आले नाही."

"अंगणवाडीत याला अजून घेत नाहीत, लहान आहे. मग याला कोण बघणार? आणि मुकादम म्हणतो, पोर संभाळत बसणार असली तर रोजावर येऊ नको. मग ही याला बघती. बघता बघता एक वाफा लावून देती. दोन दिवस गेली नाही, मग चार दिवस गेली नाही. मग तिलाच जायची लाज वाटायला लागली. म्हणती, बाई सगळ्यांपुढं विचारतील, का नाही आली."

दीक्षा लांबूनच बघत होती. जवळ आली नाही. बाईंना आठवलं की त्या खरंच विचारतात. रोज, दारात उभं करून, सगळ्यांपुढं. प्रेमानंच विचारतात, पण विचारतात.

"दुसरीची खोली मागं राहिलीय," त्या शाळेला म्हणाल्या. "रडतेय."

शाळा इतक्या झटकन उठली की कौलं खडखडली आणि वाफ्यातल्या बाया सरळ उभ्या राहिल्या. "मला वाटलं ती मागोमाग आली," ती म्हणाली. "मला वाटलं ती मागंच आहे." ती जागच्या जागी वळली, दोन पावलं गेली, परत आली. तिच्या ओट्यावर पोर होतं.

"त्याला घेऊनच चल," बाई म्हणाल्या.

"चालेल?"

"चल तर. मी बघते पुढचं. आणि दीक्षा," त्यांनी हाक मारली, "ए दीक्षा! भाऊ शाळेत निघालाय. त्याच्याबरोबर कुणीतरी लागेल ना?"

दीक्षानं आईकडं पाहिलं. शोभाबाईनं वाफ्यात जाऊन तिच्या हातातली रोपांची जुडी शेजारणीकडं दिली आणि पोरीचा खोचलेला फ्रॉक सोडून सारखा केला.

शाळा परत पोचली तेव्हा बागूल सरांची गोष्ट संपली होती आणि दुसरी चालू होती. खोली कोपऱ्याला कशी जोडली गेली ते कुणी नीट पाहिलं नाही. सगळे एकदम तिकडं धावले होते, आणि त्या गर्दीत ती जोडली गेली. भिंतीवर साखळीचा काळा वळ मात्र राहिला.

दुसऱ्या दिवशी बाई पंचायत समितीत दहातोंडे साहेबांच्या टेबलापुढं उभ्या होत्या. साहेबांनी खुर्ची दाखवली. बाई बसल्या नाहीत.

"साहेब, सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांसाठी आपलं धोरण आहे. दंड नाही, नाव कमी करणं नाही. घरी जायचं, अडचण विचारायची, ती दूर करायची."

"आहे की."

"ते मला शाळेला लावायचं आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "ते विद्यार्थ्यांसाठी आहे, मॅडम. शाळांना लागू होत नाही."

"जिथं विद्यार्थी लिहिलंय तिथं शाळा वाचायचं."

"आणि शाळेची अडचण काय म्हणे?"

"तिची पोरं येत नाहीत."

साहेब बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले. बाहेर शिपाई कुणाला तरी सांगत होता की ओढ्यापलीकडची शाळा आज आलीच नाही. साहेबांनी ते ऐकलं, आणि बाईंनी ऐकलं हेही त्यांनी पाहिलं.

"म्हणजे करायचं काय, एवढं सांगा," ते म्हणाले.

"लागण चालू आहे तोवर शाळा सकाळी लवकर भरवू. लहान भावंडं आली तर येऊ द्यायची. सिंधूताईंची सून त्यांना बघायला तयार आहे, तिला मदतनीस म्हणून मंजुरी द्या. आणि जे पोर आलं नाही त्याला आणायला जायचं."

"कोण जाणार?"

"शाळा जाते म्हणाली."

"कामाच्या वेळेत?"

"तेच तिचं काम आहे, साहेब."

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. "महिनाअखेर मी स्वतः तपासणीला येणार. त्या दिवशी शाळा हजर सापडली तर ठीक. नाही सापडली तर माझ्या हातात काही नाही. वरून विचारतात हो, शाळा कुठं आहे म्हणून. काय सांगू?"

त्या दिवसापासून बाईंनी दारात उभं करून विचारणं सोडलं. उशिरा आलेल्या पोराला त्या म्हणायच्या, "आलास? बरं झालं. बस." सुरुवातीला हे वाक्य त्यांच्या तोंडात बसत नव्हतं. शेवटचा "बस" फार जोरात यायचा. मग जमलं. ओट्यावर जुन्या साडीची झोळी टांगली. विकीपाठोपाठ आणखी तीन लहानगी आली, त्यांतलं एक सारखं खडू खायचं. दीक्षा पहिले दोन दिवस खाली मान घालून बसली, तिसऱ्या दिवशी तिनं अपूर्णांक चुकवला, आणि चुकल्याबद्दल शेजारणीशी भांडली. बाईंना एवढा आनंद झाला की त्या वर्गाबाहेर जाऊन हातपंपावर उगाच पाणी उपसून आल्या.

शाळा रोज वेळेवर यायची. हजेरी झाली, की एखादं नाव रिकामं राहायचं. मग शाळा चुळबुळायला लागायची. बाकं हलायची, फळा डुलायचा. बाई म्हणायच्या, "जा बाई, जा. पण सावकाश, पोरांच्या हातात शाई आहे." आणि शाळा उठायची. आतले वर्ग चालूच राहायचे. ज्याच्या दारात ती थांबे, ते पोर बहुतेक वेळा आपणहून चढायचं. कधी कुणाच्या आईला ताप असायचा, मग बागूल सर डॉक्टरला फोन करायचे. कधी कुणाचा एकुलता एक सदरा दोरीवर ओला असायचा, तो शाळेच्या खिडकीत वाळत घालायचे. येताना वारं लागून तो वाळलेला असायचा.

बाईंची तगमग मात्र कमी झाली नाही. महिनाअखेर जवळ आली तशी त्यांची झोप उडाली. तपासणीच्या सकाळी त्या शाळेला म्हणाल्या, "आजचा दिवस जागची हलू नकोस. काय वाट्टेल ते होऊ दे. उद्या जा कुठं जायचं तिथं."

"बरं," शाळा म्हणाली.

साहेब आले. सिंधूताईंनी चहा दिला. साहेब मधल्या खोलीत खुर्चीवर बसले, भिंतींवरून हात फिरवला, जागा आणि दिशा पाहून समाधानानं मान हलवली. "हजर आहे," ते म्हणाले. "थोडी तिरकी आहे, पण हजर आहे." मग म्हणाले, "हजेरी घ्या, मॅडम. मलाही ऐकू द्या."

बाईंनी हजेरी घेतली. एकेक आवाज आला. दीक्षा साबळे जोरात "हजर" म्हणाली, आणि झोळीतून विकीही काहीतरी म्हणाला. मग चौथीतल्या अरमान पिंजारीचं नाव आलं.

कुणी बोललं नाही.

बाईंनी पुन्हा नाव घेतलं. पायाखालची फरशी किंचित थरथरली. साहेबांच्या बशीत चहा सांडला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीवर हात ठेवला. भिंत गरम होती. शाळा दात घट्ट आवळून बसली होती. तिनं शब्द दिला होता आणि ती तो पाळत होती. फळा डुलत होता. दुसरीच्या खोलीतून बागूल सर दारात येऊन उभे राहिले आणि बाईंकडं बघत राहिले. सगळी पोरं बाईंकडं बघत होती. हे नाव आता ओलांडून पुढं जाता येणार नाही, हे बाईंना कळत होतं. आणि पुढं गेलं नाही तर काय होईल तेही कळत होतं. त्यांच्या डोळ्यांपुढून तो हमरस्ता गेला, कांद्याचे ट्रक गेले.

"जा," त्या म्हणाल्या.

शाळा उठली. साहेब खुर्चीसकट मागं सरकले आणि खिडकीचा गज धरून राहिले. झेंड्याचा खांब लांब गेला, चिंच लांब गेली. फाटकातून निघताना शाळेनं अंग चोरलं.

"मॅडम! मॅडम, ही कुठं निघाली?"

"अरमानकडे, साहेब."

"तो का आला नाही?"

"ते गेल्यावर कळेल."

बांध मागं गेला, गव्हाचं शेत आलं, शाळेनं त्याला वळसा घातला. पोरांनी इतिहासाची पुस्तकं काढली होती. बाहेरून एक सायकलवाला समांतर चालला होता, त्यानं साहेबांना नमस्कार केला. साहेबांनी नमस्कार घेतला.

"आता मी काय लिहायचं?" ते म्हणाले. "शाळा जागेवर नाही."

"तुम्ही कुठं आहात, साहेब?" बागूल सरांनी विचारलं.

"मी? मी शाळेत आहे."

"मग झालं की."

साहेबांनी यावर विचार केला. नियमात शाळा हजर असावी असं होतं. ती कुठं हजर असावी ते नव्हतं. त्यांनी पेन काढलं, शाळा एका खड्ड्यातून गेली तेव्हा वर उचलून धरलं, मग "हजर" लिहिलं आणि खाली सही केली. सही नेहमीपेक्षा लांब झाली.

बाई खोलीच्या मध्यभागी कशालाही न धरता उभ्या होत्या. एवढ्या हलणाऱ्या खोलीत त्यांना येरझारा घालायची गरज वाटत नव्हती. बाहेर झोळी जोरात हेलकावे खात होती, म्हणून दीक्षा विकीला काढून आत घेऊन आली. तिला वही लिहायची होती. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि मोकळे हात फक्त साहेबांचेच दिसले, तेव्हा तिनं पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं. विकीनं साहेबांचा चष्मा धरला.

"जरा पाय वर घ्या, साहेब," दीक्षा वहीतून मान न काढता म्हणाली. "ओढा आला."